घरात जे सोसलं, ते सिस्टरला सांगा

मिरज, सांगली, सोलापूर, निपाणी, बेळगाव, खानापूर या भागांतून मनाच्या आजाराचा पेशंट घेऊन बंगळुरूला येणाऱ्या प्रत्येक घराला ही कळकळीची विनंती आहे. केसपेपर काढताना, पेशंट वॉर्डात जाण्याआधी, तिथल्या डॉक्टरला आणि सिस्टरला सगळं खरं सांगा. त्यानं कोणावर हात उचलला, कधी उचलला, तेव्हा हातात काय होतं, दारू शेवटची कधी घेतली, गोळ्या कधी बंद केल्या, सध्या कोणाचा संशय घेतो, कशानं बिथरतो. हे सांगायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं वाचवली जातात आणि त्याची किंमत वॉर्डातली माणसं मोजतात. कोणाचा ओठ फाटतो, कोणाचं बोट मोडतं, कोणाच्या हातावर दातांचे व्रण उठतात. मार खाणारी ही माणसं तुमच्याच पेशंटसाठी रात्रपाळीला उभी असतात.

मी बंगळुरूत राहते आणि इथल्या रुग्णालयांत येणाऱ्या मराठी कुटुंबांना भाषेची मदत करते. होसूर रोडवरच्या निम्हान्सचं नाव आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोचलेलं आहे. जुनं सरकारी मानसिक रुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था एकत्र येऊन १९७४ च्या डिसेंबरात ही संस्था उभी राहिली, आणि तेव्हापासून मिरजेहून रात्रीची गाडी पकडून लोक तिथे येत आहेत. सगळेच तिथे जातात असं नाही. शहरात खासगी मानसोपचार रुग्णालयंही पुष्कळ आहेत. पण कुठेही गेलं तरी नोंदणीच्या खिडकीवर मला एकच वाक्य ऐकू येतं. “तसं काही नाही हो, थोडी चिडचिड करतो.”

खिडकीपासून बाजूला, बाकावर बसलं की हळूहळू उलगडत जातं. आई साडीचा पदर सारून दंडावरचे काळेनिळे वळ दाखवते. घरातली विळी आणि कोयता दोन महिने शेजाऱ्याकडे ठेवलेला असतो. धाकट्या बहिणीला मामाकडे पाठवून दिलेलं असतं. झोपायच्या खोलीला आतून कडी आणि त्यावर कुलूप. ज्याला कागदावर ‘चिडचिड’ म्हटलं, त्याच्या धाकानं सगळं घर रात्र रात्र जागत असतं.

लोक लपवतात त्याला कारणं आहेत आणि ती मला समजतात. मारकुटा म्हटलं तर ॲडमिट करून घेणार नाहीत ही पहिली भीती. काही ठिकाणी घ्यायला कां-कूं करतात हे खरंच आहे. पोलीस केस होईल, ही दुसरी. धाकटीचं लग्न व्हायचंय, ही तिसरी आणि बहुधा सगळ्यांत मोठी. यावर माझं सांगणं असं की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे, आणि आजाराची माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयावर बंधनकारक केलं आहे. तुम्ही डॉक्टरला जे सांगाल ते गावात परत येत नाही. जे लपवाल ते मात्र त्याच रात्री वॉर्डात उघडं पडतं.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. आत्याच्या वास्तुशांतीला जायचंय असं सांगून विशीतल्या एका मुलाला जीपमध्ये घातलं. वाटेत त्याला कळलं, तो ओरडू लागला, तेव्हा चुलत्यांनी त्याचे हात टॉवेलनं बांधले. रुग्णालयाच्या फाटकापाशी, लोक बघतील म्हणून, टॉवेल सोडला. आत सिस्टरनं त्याला स्टुलावर बसवलं आणि बीपी घ्यायला दंडाला पट्टा गुंडाळला. मशीन सुरू झालं, हवा भरली, पट्टा आवळत गेला. त्या मुलाच्या डोक्यात महिनाभर एकच भीती घोळत होती, की आपले हात बांधून आपल्याला कुठेतरी नेणार आहेत. त्यानं हिसडा मारला तो थेट सिस्टरच्या तोंडावर. चष्म्याची काच फुटून भुवईखाली घुसली. मागून धरायला धावलेला अटेंडंट त्याच्यासकट जमिनीवर आपटला. मुलगाही खाली थरथरत होता.

तेव्हा चुलते म्हणाले, “दंडाला हात लावला की हे असंच करतो तो.”

हे त्यांना ठाऊक होतं. आधी सांगितलं असतं तर सिस्टरनं बीपी तासाभरानं घेतलं असतं, समोर उभं न राहता बाजूला बसून बोलली असती, आणखी दोघांना जवळ थांबवलं असतं. टाके तिला पडले. नवा चष्मा तिनं स्वतःच्या पगारातून घेतला. अपघाताच्या वहीत नोंदसुद्धा झाली नाही, कारण ‘या कामात एवढं चालायचंच’ असं तिथल्या सगळ्यांनीच धरलेलं होतं. हे ‘चालायचंच’ मला मान्य नाही. वाचणाऱ्यांनीही ते मान्य करू नये.

फसवून आणणं हा आपल्याकडचा सर्रास रिवाज झाला आहे. देवदर्शन, नोकरीची मुलाखत, नातेवाइकाचं लग्न, काहीही सांगून गाडीत बसवायचं. नेणाऱ्याची अगतिकता मी रोज बघते, म्हणून टीका करताना जीभ जड होते. पण आधीच ज्याला सगळं जग आपल्याविरुद्ध कट करतंय असं वाटतं, त्याला आपण खरोखरच कट करून नेतो. मग वॉर्डात पांढऱ्या कपड्यातलं जे पहिलं माणूस दिसेल, त्याच्यावर तो सगळा राग निघतो. निघण्याआधी, त्याचं ज्याच्याशी जमतं अशा माणसानं, तो शांत असताना, साध्या शब्दांत सांगावं. “तुला झोप लागत नाही, जीव घाबरतो, त्यावर डॉक्टर आहेत, आपण दाखवू, मी तुझ्याबरोबर राहीन.” सगळेच ऐकतील असं नाही. पण जे ऐकतात त्यांची संख्या घरच्यांना वाटते त्याहून जास्त असते. अजिबात ऐकत नसेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर आधी बोलावं. ही सरकारी सेवा २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झाली, ती मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. कसं आणावं, जवळ कुठे दाखवता येईल, हे ते सांगतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगायलाच हवी. मनाचा आजार असलेली बहुतेक माणसं कोणावरही हात उचलत नाहीत. उलट तीच जास्त मार खातात, घरात आणि रस्त्यावरही. माझं हे आवाहन वाचून शेजारच्या आजारी मुलाकडे कोणी संशयानं पाहू लागलं तर मला ते फार लागेल. धोका असतो तो ठरावीक वेळी. आजार उसळलेला असताना, उपचार सुरू होण्याच्या पहिल्या काही दिवसांत, कानात कोणी हुकूम सोडत असताना, आणि नशेत किंवा नशा उतरताना.

दारूचं वेगळं सांगते, कारण तिथे लपवालपवी सगळ्यांत जास्त होते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना हातपाय कापणं, घाम, भिंतीवर किडे-साप दिसणं, कोण माणूस कुठला हेच न कळणं असा प्रकार सुरू होतो. म्हणजे पेशंट ॲडमिट होतो, दोन दिवस बरा दिसतो, नातेवाईक निर्धास्त होऊन चहाला जातात, आणि तिसऱ्या रात्री तो सिस्टरला दरोडेखोर समजून अंगावर धावतो. दारूची माहिती आधी असेल तर पहिल्या दिवसापासून औषध देऊन हे बरंचसं टाळता येतं. नसेल तर मार सिस्टरला बसतो आणि जीव पेशंटचा धोक्यात जातो. शांत करणारी इंजेक्शनंही आधी पोटात काय गेलंय ते बघूनच द्यावी लागतात. गांजा, झोपेच्या गोळ्या, गावातल्या डॉक्टरनं दिलेलं इंजेक्शन, भगतानं पाजलेला काढा, सगळं सांगा. ताप होता का, डोक्याला मार लागला होता का, साखर आहे का, हेसुद्धा. माणूस एकाएकी बरळायला आणि मारायला लागला तर कारण कधीकधी मेंदूतल्या तापाचं किंवा घसरलेल्या साखरेचं निघतं.

नॉर्वेत तयार झालेली एक साधी यादी जगभरच्या मानसोपचार वॉर्डांत वापरतात. पेशंट गोंधळलेला आहे का, चिडलेला आहे का, धांगडधिंगा करतोय का, तोंडानं धमकावतोय का, अंगावर येण्याचा आविर्भाव करतोय का, वस्तूंची आदळआपट करतोय का. प्रत्येक पाळीत सिस्टर या सहा गोष्टी बघते आणि येत्या चोवीस तासांत काय होऊ शकेल याचा अंदाज बांधते. यातली एकही गोष्ट घरच्यांना नवी नसते. उलट अंगावर येण्याआधी तो मूठ आवळतो, की खोलीत येरझाऱ्या घालतो, की एकदम गप्प होतो, हे आईला जेवढं कळतं तेवढं कुठल्याच यादीला कळत नाही. ती माहिती वॉर्डात पोचली पाहिजे.

“डॉक्टरांवर हल्ला करणाऱ्यांसाठी कडक कायदा आहे ना?” असं मला बरेच जण विचारतात. आहे. कर्नाटकात २००९ पासून आणि महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या माणसांवर हात उचलणाऱ्याला कैद होऊ शकते. इतर रुग्णालयांत तोडफोड करणारे बहुधा नातेवाईकच असतात, त्यांना निदान हा धाक दाखवता येतो. पण ज्याला आपण काय करतोय याचं भानच नाही, त्याला कसला धाक? भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंडविधानाचं ८४, अशा माणसाचं कृत्य गुन्हा मानत नाही, आणि ते योग्यच आहे. आजाराला तुरुंगात घालून काय साधणार? म्हणून मानसोपचार वॉर्डात मारहाण झाल्यावर कोणाला शिक्षा करायची हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ती होऊ कशी द्यायची नाही, एवढाच प्रश्न आहे. त्याचं निम्मं उत्तर घरच्यांकडे आहे आणि उरलेलं सरकारकडे.

मार बसू नये म्हणून बांधून ठेवा, असंही कोणी म्हणेल. तामिळनाडूतल्या एर्वाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. २८ जण जळून गेले. त्या वाटेनं आपल्याला परत जायचं नाही. २०१७ च्या कायद्यानं साखळीला पूर्ण बंदी केली. हातपाय धरून किंवा पट्ट्यानं आवरायचं असेल तर तेही फक्त इजा टळावी म्हणून, दुसरा उपायच नसताना, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, लेखी नोंद करून आणि गरज असेल तेवढाच वेळ. कर्मचारी कमी आहेत म्हणून पेशंटला बांधता येणार नाही, असं कलम ९७ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

हे वाक्य मला अतिशय महत्त्वाचं वाटतं. बांधायचं नाही, म्हणजे माणसांनी सांभाळायचं. मग माणसं कुठे आहेत? देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा भरत नाही, आकडा ०.७५ च्या आसपास आहे, आणि किमान तीन हवेत असं मानलं जातं. मानसोपचाराचं शिक्षण घेतलेल्या सिस्टरांचीही अशीच वानवा आहे. निम्हान्सनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत बहुतेक मनोविकारांत ७० ते ९२ टक्के आजारी माणसं उपचारापर्यंत पोचतच नसल्याचं दिसलं. जी पोचतात त्यांतली कित्येक अगदी टोकाला गेल्यावर पोचतात, आणि तेव्हा त्यांच्यासमोर रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक कंत्राटी अटेंडंट उभा असतो.

याच कायद्याच्या ३१ व्या कलमात सरकारनं शब्द दिला आहे. कायदा अमलात आल्यापासून दहा वर्षांत मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाइतकी करण्यासाठी प्रयत्न करायचे. कायदा अमलात आला २०१८ मध्ये. मुदत संपते २०२८ मध्ये. आपल्या आमदाराला, खासदाराला हा एकच प्रश्न विचारा. आपल्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या किती जागा मंजूर आहेत आणि आज त्यांतल्या किती भरलेल्या आहेत? कर्नाटकातच, बल्लारी जिल्ह्यात, निम्हान्सनं ऐंशीच्या दशकात दाखवून दिलं होतं की मनाच्या आजाराचे उपचार जिल्ह्यात, तालुक्यात, घराजवळ देता येतात. त्यावरूनच पुढे १९९६ मध्ये देशभरचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. तो नीट चालला तर सांगलीच्या मुलाला हात बांधून बंगळुरूपर्यंत आणायची वेळच येणार नाही.

अटेंडंट आणि आयाबाईंबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पेशंटला आंघोळ घालणं, जेवू घालणं, पळाला तर धरून आणणं ही कामं त्यांची. पहिला फटका त्यांना बसतो. बहुतेक जण ठेकेदाराकडून आलेले असतात, धक्का न देता, इजा न करता कसं आवरायचं याचं शिक्षण त्यांना कोणी दिलेलं नसतं. त्यांना माझं सांगणं आहे की पगारातून ईएसआय कापला जात असेल तर पेशंटकडून झालेली इजा ही कामावरची इजा आहे. ती त्याच दिवशी अपघाताच्या वहीत लिहून घ्या, उपचार आणि रजेचे पैसे मागा. लाजू नका. आणि रुग्णालय चालवणाऱ्यांना सांगणं आहे की प्रत्येक मारहाण नोंदवा, मार खाल्लेल्याला त्याच पेशंटसमोर त्याच रात्री पुन्हा उभं करू नका, फुटलेला चष्मा तुमच्या खर्चानं भरून द्या.

केरळात कोट्टारक्कराच्या तालुका रुग्णालयात १० मे २०२३ च्या पहाटे पोलिसांनी एका जखमी माणसाला मलमपट्टीसाठी आणलं. त्यानं तिथलीच कात्री उचलून २३ वर्षांच्या डॉक्टर मुलीला भोसकलं. ती वाचली नाही. त्याची मनःस्थिती काय होती ते कोर्ट ठरवेल. केरळनं त्यानंतर कायदा कडक केला. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर झालेल्या अत्याचार आणि खुनानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय कृती दल नेमलं, तेव्हा न्यायालयानं कोट्टारक्कराच्या या मुलीची आठवण काढली आणि परिचारिका अरुणा शानबाग यांचीही. अरुणा कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, तो रुग्णालयातल्याच कामगाराकडून. पण त्यानंतर २०१५ पर्यंत, चार दशकांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांनी अंथरुणाला खिळलेल्या अरुणांना जपलं. नर्सच्या जिवाची किंमत महाराष्ट्राला कोणी शिकवायची गरज नाही. आज कर्नाटकातल्या, केरळातल्या मुली आपल्या माणसांना सांभाळताना मार खात आहेत, तर आपण गप्प बसणं शोभत नाही.

बंगळुरूतल्या मराठी माणसांकडे माझं वेगळं मागणं आहे. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळापासून व्हाइटफील्डच्या सोसायट्यांपर्यंत आपण इथे हजारोंनी आहोत. वॉर्डातली सिस्टर कन्नड, मल्याळम, तमीळ बोलते. चिकोडीकडचा पेशंट निदान कन्नड समजतो, पण करमाळ्याच्या वाडीवरचा मुलगा फक्त मराठी. “बसा, काही करणार नाही, पाणी हवंय का?” एवढं त्याच्या भाषेत कानावर पडलं तर ताणलेला माणूस सैल पडलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. महिन्यातला एक दिवस काढा. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन आपलं नाव आणि मोबाइल नंबर देऊन या. फोनवरून दुभाषाचं काम केलंत तरी चालेल. तिथे ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही आणि मोबाइलवर चित्रण करायचं नाही, हे दोन नियम मात्र काटेकोर पाळा.

आणि जे आज-उद्या गाडीत बसणार आहेत, त्यांनी निघण्याआधी वहीचं एक पान घ्यावं. चालू गोळ्यांची नावं आणि चिठ्ठ्या, शेवटची गोळी कधी घेतली, दारू-नशा, इतर आजार, पूर्वी कोणाला मारलं आणि त्याआधी काय घडलं होतं, कशाची भीती वाटते, कशानं शांत होतो, कोणाचं ऐकतो. पानावर दोन नातेवाइकांचे फोन लिहा. पेशंटच्या खिशात, पिशवीत पातं, कात्री, काचेची बाटली नाही ना, ते बघा. वॉर्डात राहायला त्याच्यावर हात उगारणारा भाऊ पाठवू नका, ज्याचं तो ऐकतो त्याला पाठवा, आणि पहिल्या चार रात्री तो माणूस पेशंटपासून हलता कामा नये. पान मराठीतच लिहिलं तरी चालेल. खिडकीवर पोचल्यावर ते सिस्टरच्या हातात द्या, वाचून दाखवणारं कोणी हवं असेल तर विचारा, आणि तिचं नाव विचारून घ्या.